पेल्यातल्या पाण्यावरची वर्तुळे : सांगली-साताऱ्यात पाहिलेला 'जुरासिक पार्क'

कृष्णाकाठची

गेल्या महिन्यात माझ्या मुलीने 'जुरासिक पार्क' मोबाईलवर पाहिला आणि रात्री जेवताना मला विचारले, "आई, यात तुम्ही सगळे एवढे का घाबरला होता?" तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते आणि मला धड उत्तर देता आले नाही. म्हणून हा धागा काढत आहे. सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा या पट्ट्यात ज्यांनी हा चित्रपट त्या वेळी मोठ्या पडद्यावर पाहिला, त्यांनी जे जसे आठवते ते तसेच लिहावे, अशी विनंती आहे.

सुरुवात माझ्यापासून करते. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा हा डायनोसॉरांचा चित्रपट अमेरिकेत जून १९९३ मध्ये लागला आणि आपल्याकडे १९९४ साली आला, तो हिंदी बोलत आला. या एका गोष्टीला केवढे महत्त्व होते, ते आजच्या मुलांना सांगूनही पटणार नाही. तोपर्यंत आमच्या माहितीत इंग्रजी चित्रपट म्हणजे सकाळचा खेळ आणि त्याला जाणारी कॉलेजची मुले. घरच्या बायका, लहान मुले आणि वडीलधारी माणसे मिळून इंग्रजी चित्रपटाला निघाली आहेत, असे दृश्य आमच्या घराने कधी पाहिले नव्हते. या चित्रपटाला मात्र आम्ही नऊजण गेलो. मी सहावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. काका आधी जाऊन रांगेत उभे राहिले होते आणि बाकीचे आम्ही गावभागातून चालत निघालो, कारण आजीला रिक्षात बसलेले आवडत नसे.

आजी तासगाव तालुक्यातल्या एका वाडीची. तिला शास्त्रज्ञ, बेट, डासाच्या पोटातल्या रक्तावरून पुन्हा निर्माण केलेले डायनोसॉर यातले काहीही कळले नाही आणि तिने ते विचारलेही नाही. पण कुंपणाच्या आत शेळी बांधलेली दिसली, तेव्हा ती पुढे झुकून बसली. वाघरासाठी शेळी बांधतात, हे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, आता ते येतंय." आम्हा मुलांना गोष्ट ठाऊक नव्हती आणि आजीला मात्र ती ठाऊक होती, असा विचित्र प्रकार त्या अंधारात घडला.

मग वीज गेली, पाऊस सुरू झाला, गाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि गाडीत समोर ठेवलेल्या दोन पेल्यांतल्या पाण्यावर वर्तुळे उठली. एकदा उठली, विरली, पुन्हा उठली. मला चित्रपटातला दुसरा कोणताही क्षण इतका स्पष्ट आठवत नाही. पुढे त्या मोठ्या डायनोसॉरने गाडीवर डोके आपटले, काच दाबली, वकिलाला उचलले, हे सगळे मी पाहिले असणारच. पण आठवण काढली की आधी ते पाणी समोर येते. चित्रपटगृहातली सगळी कुजबुज त्या पाण्यापाशी थांबली. भिंतीवरच्या पंख्यांचा आवाज मला त्या वेळी पहिल्यांदा ऐकू आला.

माझे दोन प्रश्न आहेत. पाण्याचा तो क्षण तुम्हालाही असाच आठवतो का? आणि मध्यंतर नेमके कुठे झाले होते? माझ्या आठवणीत ते शेळीचा पाय गाडीच्या काचेच्या छतावर पडल्यानंतर लगेच झाले, पण माझा चुलतभाऊ म्हणतो की असे नव्हतेच.

कोयनाखोरे

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच सदस्य झालो आहे.

मी पाटण तालुक्यातला. आम्ही हा चित्रपट साताऱ्यात पाहिला. मोठी बहीण पोवई नाक्याजवळ राहत असे आणि सुट्टीत आई मला घेऊन तिच्याकडे गेली होती. आई माझ्या डाव्या बाजूला बसली होती. पेल्यातले पाणी हलले, त्या क्षणी तिने माझे मनगट इतक्या जोराने धरले की तिच्या बांगडीचा वळ माझ्या हातावर उठला. ती पडद्याकडे पाहत नव्हती. ती वर, छताकडे पाहत होती.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा आई नवी नवरी होती. त्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली आणि कोयनानगरची वसाहत मोडून पडली. त्यानंतरही आमच्या खोऱ्यात लहान धक्के थांबले नाहीत. आजही ते बसतात. आमच्या घरात धक्का आधी माणसांना कळत नसे, भांड्यांना कळत असे. मांडणीवरची ताटे एकमेकांना लागून किणकिणत आणि हंड्यातले पाणी थरथरे. आई त्या आवाजाने स्वयंपाक टाकून आम्हाला उचलून अंगणात येई. पाणी हलले की बाहेर पळायचे, हा आमच्या घरातला पहिला धडा होता, अक्षरओळख त्यानंतरची.

त्यात आणखी एक गोष्ट होती. हा चित्रपट लागण्याच्या काही महिने आधीच, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला होता. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर थकून झोपलेली हजारो माणसे घरांच्या दगडमातीखाली गेली. ती छायाचित्रे वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे त्या पेल्यातल्या पाण्याकडे पाहताना आमच्या बाजूच्या प्रेक्षकाला जे वाटले असेल, ते कॅलिफोर्नियात बसून तो प्रसंग रचणाऱ्याच्या मनातही नसणार. इतरांना पुढे काय येणार याची भीती वाटली. माझ्या आईला वाटलेली भीती मागून आली होती.

ती मध्यंतरात बाहेर गेली आणि परत आत आली नाही. बहिणीने तिला घरी नेले आणि मी उरलेला चित्रपट भाऊजींबरोबर पाहिला. घरी आलो तेव्हा आई निवांत भाकरी करत होती. तिने मला विचारले, "मग पोरं वाचली का?" वाचली म्हटल्यावर तिला बरे वाटले.

रिळांचा_माणूस

माझे वडील आपल्या जिल्ह्यातल्या एका चित्रपटगृहात ऑपरेटर होते. कोणते ते लिहीत नाही. ते आता बंद आहे. मध्यंतराच्या प्रश्नाचे उत्तर केबिनमधून देतो.

हा चित्रपट १२७ मिनिटांचा आहे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट सरकते, म्हणजे सगळी मिळून साधारण ११,४०० फूट फिल्म झाली. २००० फुटांच्या एका रिळाला सुमारे २२ मिनिटे लागतात, म्हणून हिशेबाने सहा रिळे येतात. अमेरिकेत या चित्रपटाला मध्यंतर नव्हतेच. आपल्याकडे चहा-वड्याची विक्री आणि माणसांची सोय यासाठी ते हवेच असते, त्यामुळे इंग्रजी चित्रपटात ते कुठे टाकायचे हे बऱ्याचदा चित्रपटगृहातच ठरे. साधा हिशेब म्हणजे तीन रिळे संपली की दिवे लावायचे. आता गंमतीची नव्हे, खरोखर अडचणीची गोष्ट अशी की तो मोठा हल्ला जवळजवळ चित्रपटाच्या ऐन मध्यावर आहे. तासाभराने पाणी हलते आणि पुढची आठ-दहा मिनिटे श्वास घ्यायला जागा नसते. वडिलांनी पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला रीळ संपले तिथे मध्यंतर दिले आणि लोकांनी खुर्च्या बडवल्या. दुसऱ्या खेळापासून ते हल्ल्याच्या अगोदर, गाड्या थांबतात तिथे, हाताने मध्यंतर घेऊ लागले. त्यामुळे ताई आणि त्यांचे चुलतभाऊ दोघेही बरोबर असू शकतात. एकाच चित्रपटगृहात दोन खेळांची दोन मध्यंतरे झालेली मी पाहिली आहेत.

आमच्याकडे प्रोजेक्टर कार्बनचे होते. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगीचा कमान-प्रकाश पेटत राहतो आणि कांड्या जळत जातात तसे त्यांतले अंतर सतत जुळवत राहावे लागते. नाही जुळवले तर पडदा पिवळा पडत जातो. या चित्रपटाचा तो सगळा प्रसंग रात्रीचा, पावसातला, काळ्यावर काळा. वडील म्हणत की त्या रिळाला त्यांना एक क्षणही बसता आले नाही, कारण प्रकाश किंचित उतरला असता तर लोकांना पडद्यावर नुसता अंधार दिसला असता. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका दिसतो. तो दिसताच दुसरे यंत्र सुरू करायचे आणि दुसरा ठिपका दिसताच प्रकाश बदलायचा. मी त्या वेळी नववीत होतो आणि ठिपका बघून ओरडण्याचे काम माझ्याकडे होते.

आवाजाविषयीही लिहायला हवे. परदेशात आणि मोठ्या शहरांतल्या काही चित्रपटगृहांत या चित्रपटाचा आवाज वेगळ्या तबकड्यांवरून वाजत असे. फिल्मच्या कडेला काळाच्या खुणा असत आणि त्या वाचून तबकडी चित्राबरोबर चाले. डीटीएस नावाची ती पद्धत याच चित्रपटाने जगापुढे आणली. आमच्याकडे ते यंत्र नव्हते. फिल्मच्या पट्टीवरचा नेहमीचा आवाज पडद्यामागच्या जुन्या भोंग्यांतून येई. म्हणून मला नेहमी वाटत आले आहे की आपल्या लोकांनी हा चित्रपट अर्धाच ऐकला. वडिलांनाही ती खंत शेवटपर्यंत होती.

पडद्याआड

रिळांचा_माणूस, तुमच्या वडिलांच्या कामाविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो की आम्ही अर्धे ऐकले असे मला वाटत नाही.

त्या प्रसंगात पार्श्वसंगीत अजिबात नाही. जॉन विल्यम्स यांच्यासारखा संगीतकार हाताशी असताना दिग्दर्शकाने त्या संपूर्ण हल्ल्यात एकही वाद्य वाजवू दिलेले नाही. पाऊस, पावलांचा दणका, तारा तुटण्याचा आवाज आणि ती डरकाळी, एवढेच आहे. ती डरकाळी चित्रपटाचे ध्वनिरचनाकार गॅरी रायडस्ट्रॉम यांनी हत्तीचे पिल्लू, वाघ आणि मगर यांचे आवाज एकत्र करून तयार केली होती. म्हणजे पडद्यावरचा प्राणी कोणी कधी ऐकला नसला, तरी त्याचा आवाज आपल्याच पृथ्वीवरचा होता. जुन्या भोंग्यांतून तो फाटका आला असेल. पण त्याच्या आधीची शांतता भोंग्यांवर अवलंबून नव्हती. ती आठशे-हजार माणसांनी मिळून केली होती आणि ती कोणत्याही यंत्रातून येत नाही.

मी हौशी नाटकवाला आहे आणि सांगलीचा आहे, म्हणून मला त्या दृश्यात आमचीच जुनी गोष्ट दिसते. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीच्या दरबारात 'सीता स्वयंवर' केले. त्या परंपरेच्या नाटकांत राक्षस असाच येत असे. तो थेट समोर उभा राहत नसे. आधी पडद्याआडून आरोळी, मग राळेचा भडका आणि धूर, आणि मग 'अलल्डुर्र' करत राक्षसांची झुंड. समोर बसलेली मुले रडत आणि मोठी माणसे सावरून बसत. राक्षस किती भयंकर हे त्याच्या रंगवलेल्या तोंडावर ठरत नसे, तो येण्याआधी पडदा किती वेळ हलला यावर ठरे. आमच्या तालमीत मी आजही नव्या मुलांना हे सांगतो आणि उदाहरण देतो ते पेल्यातल्या पाण्याचे. भाव्यांचे उदाहरण त्यांना समजावून द्यावे लागते, याचे मात्र वाईट वाटते.

संपूर्ण चित्रपटात डायनोसॉर पडद्यावर दिसतात ते सगळे मिळून १५ मिनिटांच्या आसपास. मला विचारले असते तर मी तासभर म्हटले असते.

गच्चीवरची_रात्र

मी तो चित्रपटगृहात पाहिलाच नाही. तिकिटे दोनच मिळाली आणि ती मोठ्या भावांना गेली. त्या रात्री साताऱ्यात आमच्या गच्चीवर अंथरुणे घातल्यावर भावाने तो सगळा सांगितला. अजिंक्यताऱ्याचा काळा आकार समोर होता आणि भाऊ म्हणाला की तो प्राणी कुंपणामागून असा उठून उभा राहिला. नंतर मी चित्रपट पाहिला तेव्हा तो प्राणी मला लहान वाटला. पाण्याचा प्रसंग भावाने सांगितलेला मला आठवतो. त्याने त्यासाठी उशाचा तांब्या जवळ ओढला होता आणि गच्चीवर पाय आपटला होता. पाणी मात्र हलले नव्हते.

जवारी

तुमच्या भावाच्या तांब्यातले पाणी का हलले नाही, हे मला सांगता येईल. आमचे घराणे मिरजेत तंतुवाद्ये बनवते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिरजेत हा धंदा चालत आला आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून तो सुरू झाला आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

चित्रपट पाहिला तेव्हा मी कारखान्यात नुकताच बसू लागलो होतो. सगळे त्या प्राण्याविषयी बोलत होते, पण माझे वडील घरी येताना एवढेच म्हणाले, "ते पाणी तारेवर हललंय." मला ते पटले नाही. एवढा मोठा प्राणी पाय आपटतो आहे, तर जमिनीच्या दणक्याने पाणी हलले असणार, असे मी म्हणालो. वडिलांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक तयार तंबोरा आडवा ठेवला, त्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावर बसवलेल्या लाकडी पाटीवर, काचेचा पेला ठेवला आणि त्यात अर्ध्यापर्यंत पाणी ओतले. आधी त्यांनी शेजारी पाटावर मूठ आपटली. पाणी हिंदकळले, एका बाजूला कलले आणि थांबले. मग त्यांनी खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची, तार छेडली. पाण्यावर कडेपासून मध्यापर्यंत बारीक, गोल, एकात एक बसलेली वर्तुळे उभी राहिली आणि सूर विरत गेला तशी ती विरली.

चित्रपट कसा बनवला याची माहिती मराठी वाचकापर्यंत पोहोचायला पुढे बरीच वर्षे गेली. ती वाचली तेव्हा वडील नव्हते. त्या दृश्यासाठी विशेष परिणामांचे काम पाहणारे मायकेल लँटिएरी यांनी पुष्कळ उपाय करून पाहिले होते, पण पाण्यावर हवी तशी गोल वर्तुळे उठत नव्हती. शेवटी गिटारच्या तारेने ते काम झाले. पेले जिथे ठेवले होते त्याच्या खालून गिटारची तार गाडीतून खाली जमिनीपर्यंत ओढून बांधली आणि गाडीखाली पडून राहिलेल्या माणसाने ती छेडली. ठोक्याने पाणी नुसते ढकलले जाते. वर्तुळे हवी असतील तर पेल्याला एकसारखा, ठरावीक कंपनाचा सूर द्यावा लागतो. आमच्या धंद्यात घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढताना, म्हणजे तिचा माथा घासून सुरासाठी जुळवताना, कारागीर हेच करतो. तार घोडीला कुठे आणि किती वेळ टेकते यावर सूर पसरतो की दबतो हे ठरते, आणि ते त्याला कानापेक्षा बोटाला आधी कळते.

म्हणून कोयनाखोरे यांच्या आईंविषयी वाचताना मला फार वाटले. त्यांचे पाणी खरोखर जमिनीने हलवले होते. पडद्यावरचे पाणी सुराने हलवले होते. दोन्ही त्यांना सारखीच दिसली, यात त्या कारागिराचे यश आहे, आणि त्यांना झालेला त्रासही त्याच यशाचा भाग आहे.

काळा_पाषाण

मी कऱ्हाडजवळ भूगोल शिकवतो. या चित्रपटानंतर पुढची कित्येक वर्षे विद्यार्थी मला एकच प्रश्न विचारत : आपल्याकडे डायनोसॉर होते का, आणि खणले तर सापडतील का? त्याचे उत्तर या धाग्याशी जोडलेले आहे, म्हणून लिहितो.

पडद्यावर गाडीवर चालून आलेल्या त्या डायनोसॉरचा, म्हणजे टायरॅनोसॉरसचा, काळ सुमारे ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. नावात जुरासिक असले तरी तो त्यानंतरच्या क्रिटेशस काळातला आणि उत्तर अमेरिकेतला. त्याच काळाच्या अखेरीस आपल्याकडे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत होता आणि त्याचे थर एकावर एक बसून सह्याद्री, अजिंक्यतारा, यवतेश्वर, आपल्या पायाखालचा सगळा काळा दगड तयार झाला. डायनोसॉर नाहीसे होण्यामागे मेक्सिकोजवळ आदळलेली अशनी होती, हे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. आपल्या या लाव्हाचा त्यात वाटा किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. म्हणजे आपण सांगली-साताऱ्याचे लोक ज्या दगडावर राहतो, तो त्या गोष्टीच्या शेवटच्या प्रकरणाचा दगड आहे.

मात्र आपल्याकडे खणून हाडे मिळण्याची आशा ठेवू नये. कोयनेचे भूकंप समजून घेण्यासाठी केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कऱ्हाडला प्रयोगशाळा उभारली आहे आणि कोयना भागात खोल विवरे खोदली आहेत. त्यांतल्या एका विवरात ९०० मीटरहून अधिक जाडीचा काळा पाषाण लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. दोहोंच्या मध्ये, जिथे जुन्या नद्यांचा आणि तळ्यांचा गाळ असता तर हाडेही असू शकली असती, तिथे गाळाचा थरच नाही. महाराष्ट्रात डायनोसॉरचे अवशेष मिळाले ते चंद्रपूर जिल्ह्यात, पिसदुरा आणि डोंगरगाव परिसरात, कारण तिथे लाव्हाच्या कडेला तो गाळ शिल्लक आहे. आपल्या देशातला मोठा मांसाहारी प्राणी पाहायचा तर राजासॉरस आहे. त्याची हाडे गुजरातमध्ये नर्मदेच्या भागात मिळाली आणि २००३ साली त्याचे नामकरण झाले.

मुलांना मी आणखी दोन गोष्टी सांगतो. राळेत अडकलेल्या डासाच्या पोटातून ६ कोटी वर्षांपूर्वीचा डीएनए मिळणे शक्य नाही, कारण तो रेणू इतका काळ टिकत नाही. आणि स्वयंपाकघरात मुलांना शोधणारे ते चपळ प्राणी, ज्यांना चित्रपटात व्हेलोसिरॅप्टर म्हटले आहे, ते प्रत्यक्षात टर्की कोंबड्याएवढे होते आणि त्यांच्या अंगावर पिसे होती. हे ऐकून मुले हिरमुसतात. तरीही सांगावे लागते, कारण ज्या चित्रपटाने त्यांच्या मनात प्रश्न निर्माण केला, त्याच चित्रपटाचे उत्तर अपुरे आहे, हे त्यांना कळायला हवे.

कुपवाडचा_टर्नर

आमच्या मंडळाने त्या वर्षीच्या गणपतीत डायनोसॉरचा हलता देखावा केला होता. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करत होतो, त्यामुळे सांगाडा आणि यंत्रणा माझ्याकडे आली. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर गोणपाट आणि कागदाचा लगदा, आणि जबडा हलवायला भंगारात घेतलेली ट्रकची वायपर मोटर. जबडा उघडे, पण मिटताना तो झटका देई आणि सगळे डोके थरथरे. ते थरथरणे मला काही केल्या घालवता आले नाही. लोकांनी नावाजले, पण मला ते लागून राहिले.

पुढे वाचनात आले की स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्यात केलेला, ४० फूट लांबीचा, हायड्रॉलिकवर चालणारा तो पूर्ण आकाराचा प्राणीही पावसातल्या चित्रीकरणाच्या वेळी असाच थरथरत होता. त्याच्या अंगावरची फोमची कातडी पाणी शोषून जड होत होती आणि वजनाचा सगळा हिशेब बिघडत होता. माणसे टॉवेल घेऊन त्याला दोन चित्रणांच्या मधल्या वेळेत कोरडे करत असत. हे वाचल्यावर मला त्या माणसांविषयी जवळीक वाटली. वजन वाढले की सिलिंडरचे गणित चुकते, हे आमच्या शॉपमधल्या कोणत्याही फिटरला कळेल. आम्ही तर आधीच ताडपत्री घातली होती, कारण सांगलीत गणपतीत पाऊस येणार हे आम्हाला ठाऊक होते.

संगणकाने केलेली दृश्ये त्या चित्रपटात फक्त सहा मिनिटांच्या आसपास आहेत. बाकीचे काम हातांनी आणि यंत्रांनी केलेले आहे, आणि त्या प्राण्याला वजन आहे असे आजही वाटते ते त्यामुळे, असे माझे मत आहे.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. रिळांचा_माणूस यांचा खुलासा मी चुलतभावाला वाचून दाखवला. आम्ही दोघे वेगवेगळ्या दिवशी गेलो होतो, हे त्यानंतर आम्हाला आठवले. कोयनाखोरे यांचे लिहिणे मी मुलीला वाचून दाखवले आणि तिने त्यावर काहीच विचारले नाही; थोड्या वेळाने तिने स्वयंपाकघरात जाऊन पिंपातल्या पाण्यात डोकावून पाहिले.

जवारी यांना मी निरोप पाठवला होता आणि त्यांनी आम्हाला मिरजेला बोलावले. रविवारी आम्ही गेलो. दुकानात भिंतीला टेकवलेले तंबोरे, कापलेल्या भोपळ्यांची रास आणि पॉलिशचा वास. त्यांनी वडिलांनी ठेवला होता तसाच तंबोरा आडवा ठेवला आणि पेला तबलीवर ठेवला. पहिल्यांदा तार छेडली तेव्हा मुलीला काही दिसले नाही, कारण ती पेल्यासमोर उभी होती आणि दारातून येणारा उजेड पाण्यावर चमकत होता. त्यांनी तिला खाली बसायला सांगितले, डोळे पाण्याच्या पातळीला आणायला सांगितले आणि पुन्हा खर्ज छेडला. ती मागे सरली आणि तिने माझा हात धरला. मी तिला आजीची गोष्ट तेव्हा सांगितली, शेळीपासून सुरुवात करून.

ती ऐकून झाल्यावर तिने जवारीकाकांना दार लोटून घ्यायला आणि दिवा घालवायला सांगितले. मोबाईलचा उजेड तिने पेल्यावर आडवा धरला आणि खर्ज पुन्हा एकदा छेडायला लावला.